रूदिस

शाळेच्या निबंधात मी लिहिलं होतं,
'माझा पाय खाणीवर चिरे काढतो.'
पेडणेकर बाईंनी लाल रेघ मारली, वर्ग हसला,
आणि मला कळलं, घरातला बाप
उंबऱ्याबाहेर नुसता अवयव असतो.

पाय म्हणजे बस्त्यांव, उभादांड्याचा.
मोचेमाडच्या सड्यावर खाण,
खाली समुद्र, पण त्याची समुद्राकडे कायम पाठ.
भुवयांत तांबडी धूळ,
रविवारी मिसेला आला तरी ती तशीच.

बँकेच्या कागदावर 'शिक्षण' अशी एक चौकट होती.
कारकुनाने न विचारता भरली: निरक्षर.
'काय लिवलंस?' पायने विचारलं.
कारकून म्हणाला, 'काही नाही, अंगठा दे.'

ते काही-नाही तो चार दिवस खिशात घेऊन फिरला.
मग फादर लिगोरकडे गेला,
कारण फादरला लॅटिन येत होतं
आणि कुंपणाच्या दोनशे चिऱ्यांचे पैसे द्यायचे होते.
मी अकरा वर्षांची, सांक्रितीच्या पायरीवर
ओस्तीची कातरणं चघळत बसलेले.

'तुमच्या भाशेत माका काय म्हणतले?'
फादरने चष्मा पुसला. 'रूदिस,' म्हणाला.
'खाणीतून आला तसा. हात न लागलेला.
न पिंजलेली लोकर, न नांगरलेलं रान, न तासलेला दगड,
सगळे रूदिस.
खडीच्या ढिगाला म्हणतात रूदुस,
तोही बहुधा ह्याच घरातला, नक्की कुणी सांगत नाही.
आणि ह्या शब्दाआधी "बाहेर" लावलं
की होतं शिकवणं:
आतलं ओबडधोबड बाहेर काढणं.'

पायने विडी काढली, देवळात आहोत हे आठवून परत ठेवली.
'फादर, ह्यो शबुद करणारो कधी खाणीर गेललो?'
'का रे?'
'चिरो भुयतसून काढतंव तेव्हा मऊ आसता.
कोयतो मारलो तरी कापता.
मगे वारो लागता, वत लागता, तेव्हा कठीण जाता.
तुमचो रूदिस मऊ, फादर.
कठीण तो शिकललो.'

फादर हसला.
मग हसायचा थांबला, आणि म्हणाला,
पैसे शनिवारी देतो.

पुढे मी सावंतवाडीला शिकले, पुण्याला शिकले.
ग्रंथालयात एकदा जाड कोश उघडून
रूदिस काढला.
अर्थ सात. व्युत्पत्तीपुढे प्रश्नचिन्ह.
सातांत मऊ कुठेच नव्हता.
मी समासात पेन्सिलीने बारीक लिहिलं, 'मऊ',
आणि ग्रंथपालाची चाहूल लागताच खोडलं.
कागदावर जरा खड्डा राहिला असेल.

आता मी वेंगुर्ल्यातच शिकवते.
गेल्या आठवड्यात मांडवीच्या एका पोराने लिहिलं,
'माझी आवय पहाटे म्हावरां विकूक जाता.'
मी आवयभोवती लाल गोल केला.
म्हावरांभोवती केला. विकूकभोवती केला.
सवयीने, चहा पिता पिता,
सुंदर गोल.
चौथ्या वहीवर गेल्यावर हात थबकला,
पण शाई वाळली होती.

वत लागलं की कठीण जाता.

घरामागची विहीर पायने एकट्याने बांधली.
आत सगळे चिरे तासून, सूत लावून, सरळ.
फक्त उतरायला म्हणून
दर हातभर खाली एकेक चिरा बाहेर सोडलेला,
त्यांना तासणी लावली नाही.
'गुळगुळीत केलंय तर घसरशात,' म्हणायचा.
त्यांच्या भोकांत नेचे उगवतात,
गोगलगाई राहतात.

यंदा मेमध्ये गाळ काढायला मीच उतरले.
त्याचे गुडघे गेलेत, तो काठावर खुर्ची टाकून बसला.
तिसऱ्या चिऱ्यावर अंधार, पाऊल चाचपडत राहिलं.
वरून तो ओरडला,
'थंयच आसा गो, आनमारी, अजून जरा सकल,'
आणि तळव्याला लागला
खरखरीत, ओला,
पाय.